उडीच्या शर्यतीचा जॉकी व्हायचंय? तापीकाठच्या पोरांसाठी, सतरा शर्यती धावलेल्या माणसाकडून

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की माझ्या घोड्यांपाशी दरवर्षी एखादं तरी पोरगं येऊन थांबतं. कुणी शहाद्याचं, कुणी दोंडाईच्याचं, कुणी पार शिरपूरकडचं. बराच वेळ घोड्याच्या पायांकडे बघतं, मग खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरतं. त्यात लिव्हरपूलजवळच्या ऐंट्रीची ग्रँड नॅशनल चालू असते. "काका, हे कसं शिकायचं?"

मी २००६ ते २०१४ अशी आठ वर्षं इंग्लंडात उडीच्या घोड्यांवर बसलो. परवाना काढून सतरा शर्यती धावलो आणि एकही जिंकलो नाही. माझं नाव कुणाला माहीत नाही. पण घोड्याच्या पाठीवरून तो रस्ता मी पाहिला आहे आणि त्यातले खड्डे अंगावर घेतले आहेत. यात्रेच्या गर्दीत उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धं वाऱ्यावर जातं, म्हणून इथे सलग लिहितो.

उडीची शर्यत म्हणजे काय, ते आधी समजून घे. मुंबई-पुण्याला असते ती सपाट शर्यत, मिनिट-दोन मिनिटांत संपणारी. उडीची शर्यत इंग्लंडात साधारण दोन मैलांपासून, म्हणजे सव्वातीन किलोमीटरपासून सुरू होते आणि वाटेत अडथळे असतात. ते दोन तऱ्हेचे. हर्डल म्हणजे मेंढवाड्याच्या फाटकासारखी ताटी. ती कमीत कमी साडेतीन फूट उंच असते आणि धक्का लागला तर पुढे झुकते. फेन्स म्हणजे बर्चच्या काटक्या गच्च आवळून उभं केलेलं कुंपण, कमीत कमी साडेचार फूट. त्याच्या शेंड्यातून घोडा घासून जाऊ शकतो, पण पाय खोल अडकला तर उलटतो. ग्रँड नॅशनल जवळजवळ सात किलोमीटरची, तीस उड्यांची.

हा खेळ आयर्लंडातला. १७५२ साली तिथे दोघांनी पैज लावली आणि एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत मधले ओढे, बांध, कुंपणं ओलांडत घोडे पळवले. मनोऱ्याला तिकडे स्टीपल म्हणतात, म्हणून स्टीपलचेस. आपण प्रकाशाच्या केदारेश्वराचा कळस नजरेत धरून वावरा-वावरातून घोडा सोडावा, तसं ते.

आपल्या टर्फ क्लबांत आज शर्यती सपाटच होतात. त्यामुळे उडी शिकायची तर दोन वाटा आहेत. एक इथली: शो जंपिंग, म्हणजे रिंगणातल्या अडथळ्यांवरून उड्या, आणि इव्हेंटिंग, म्हणजे चालीची शिस्त, रानातल्या उड्या आणि रिंगणातल्या उड्या असा तीन टप्प्यांचा खेळ. इव्हेंटिंगमधला रानातला, क्रॉस कंट्रीचा टप्पा उडीच्या शर्यतीचा सख्खा भाऊ आहे. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये घोडदळाच्या रघुवीर सिंगने त्यात सुवर्ण जिंकलं. फवाद मिर्झाने २०१८ च्या एशियाडमध्ये रौप्य मिळवलं आणि पुढे तो टोकियो ऑलिंपिकला गेला. फौजेत जायची तयारी असेल तर घोडदळाचा विचार जरूर कर. दुसरी वाट परदेशातली. माझी ती होती, म्हणून पुढे तिच्याविषयीच लिहितो.

वजनाचं आधी बोलू

माझे आप्पा वरातीसाठी एक काठेवाडी घोडी बाळगून होते. मी सोळाव्या वर्षी पुण्याला रायडिंग बॉय, म्हणजे शर्यतीचे घोडे सकाळी पळवणारा स्वार, म्हणून गेलो तेव्हा ४७ किलोचा होतो. एकोणिसाव्या वर्षी ५७ झालो. सपाट शर्यतीचा जॉकी पन्नासच्या आसपास लागतो. तिथल्या माणसांनी सरळ सांगितलं, तुझं इथे काही होणार नाही. मी तीन दिवस जेवलो नाही आणि चौथ्या दिवशी कामावर घोड्यावरून चक्कर येऊन पडलो.

उडीच्या शर्यतीत मात्र घोड्याला ठरवून दिलेलं सर्वांत हलकं ओझंसुद्धा दहा स्टोनच्या घरात असतं, म्हणजे साडेत्रेसष्ट-चौसष्ट किलो, खोगिरासकट. म्हणजे साठ किलोचा माणूस तिथे बसू शकतो. तुझं हाड मोठं असेल, खांदे भरत असतील, तर उपाशी राहून ते आवळू नकोस. उपाशी माणसाचे हात जड होतात आणि निर्णय उशिरा सुचतात. मी सकाळच्या कामानंतर पोटभर जेवायचो आणि रात्री हलकं खायचो. माय कळण्याचं पीठ पाठवायची. इंग्लंडातल्या लँबर्न गावच्या थंडीत शेगडीवर थापलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा, एवढ्यावर मी तिथले हिवाळे काढले. तिकडची काही पोरं शर्यतीच्या सकाळी कढत पाण्यात बसून दोन-दोन किलो घाम गाळायची. तसं करू नकोस. पाणी गेलेल्या अंगाने साडेचार फुटांच्या कुंपणाकडे घोडा नेणं धोक्याचं असतं.

घरच्या घोड्यावर काय करता येतं

बरंच करता येतं, आणि या भागावर मी सर्वांत जास्त वेळ देणार आहे. कारण परदेशात जाऊन जे शिकलो त्यातलं अर्धं इथे वावरात शिकता आलं असतं.

पहिली गोष्ट लगामाची. आपल्याकडे नाचाच्या आणि वरातीच्या घोड्यांच्या तोंडात अजूनही काट्याचा लगाम घालतात. तो आजच काढ. त्याला कायद्याने बंदी आहेच, पण उडीच्या दृष्टीनेही तो घात करतो. घोडा उडी घेताना मान लांब करतो. स्वाराचा हात तेवढा पुढे गेला नाही तर काटा जिभेत रुततो. दोनदा असं झालं की तो घोडा उडीची काठी बघताच मान वर टाकतो आणि थांबतो. साधा, मध्ये सांधा असलेला गुळगुळीत लगाम घाल.

दुसरी गोष्ट गळपट्ट्याची. मी सात-आठ वर्षांचा असताना आप्पांनी घोडीच्या गळ्यात जुन्या नाड्याचा एक सैल वेढा बांधला होता आणि सांगितलं होतं, तोल गेला तर हा धर, तोंड धरू नको. इंग्लंडात पहिल्या दिवशी ज्या घोड्यावर बसवलं त्याच्याही गळ्यात चामड्याचा तसाच पट्टा होता. मला रडू आवरलं नाही. तू साधी सुताची दोरी बांध, पण बांध.

तिसरी चाल. आपल्या भागात रेवाल चालीला फार मोल आहे. हातात पाण्याचा तांब्या घेऊन बसलं तरी सांडू नये, अशी ती चाल, आणि तिचा मला अभिमान आहे. पण रेवाल शिकवलेल्या घोड्याला उडीआधीची एकसारखी चौखूर दौड सहज जमत नाही. त्याचे एका बाजूचे पाय एकदम पडतात आणि उडीसाठी पाठ गोळा होत नाही. उडीसाठी सरळ दुडकी आणि शांत दौड येणारा घोडा निवड. रेवाल घोड्याची चाल मोडून त्याला उडी शिकवू नकोस, त्यात दोन्ही जातं.

वय बघ. दातांवरून वय सांगणं यात्रेतल्या कुठल्याही जुन्या व्यापाऱ्याकडून शिकून घे. समोरचे मधले दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्याचे साडेचारच्या सुमाराला. कोपऱ्याचे पडले नाहीत तोवर पाठीवर माणूस घेऊन उडी घ्यायला लावू नकोस. शिंगरू उत्साहाने उडतं, आणि सातव्या वर्षी लंगडं होतं.

जमिनीकडे नीट बघ. आपली काळी माती पावसाळ्यात घोड्याचा पाय घोट्यापर्यंत धरते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्ही वेळी उडी नको. तापीच्या पात्रातली सैल वाळू मऊ वाटते, पण तिच्यात नळीमागची शीर ताणली जाते. वखरून, फळी मारून, दोन दिवस बसू दिलेलं वावर सर्वांत चांगलं. चैत्र-वैशाखात उजाडायच्या आत काम संपव. चंदी खाल्ल्यावर लगेच पळवू नकोस, पोटशूळ झाला तर रात्र काढणं कठीण होतं.

आता काठ्या. नुसता बांबू घेऊ नकोस. तो हलका असतो, घोडा त्याला मानत नाही, आणि फुटला तर त्याची चिरफाळी पोटात जाते. निलगिरीचे मनगटाहून जाड, दहा फूट लांबीचे सोट घे. खिळ्याने ठोकू नकोस, दोरीने बांधू नकोस. टेकूवर असे ठेव की घोड्याचा पाय लागला तर पुढे गळून पडतील. पांढरा रंग दे. भगवा, लाल देऊ नकोस. घोड्याला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. इंग्लंडात कुंपणांच्या पायथ्याला वर्षानुवर्षं नारिंगी फळ्या होत्या. हे ध्यानात आल्यावर गेल्या काही वर्षांत त्या पांढऱ्या केल्या.

पहिला महिना सोट जमिनीवरच राहू दे. चार सोट ओळीने, एकमेकांपासून साडेचार फुटांवर, आणि त्यांवरून दुडकी. आपले काठेवाडी घोडे आखूड पावलाचे असतात, त्यांना चार फूट पुरतं. खुराचा ठोका सोटाला लागला तर अंतर चुकलंय, घोडा नाही. दुसऱ्या महिन्यात शेवटच्या सोटापुढे आठ-नऊ फुटांवर दोन सोटांची फुली कर, मधोमध दीड फूट उंच. दुडकीने जायचं आणि एक छोटी उडी घ्यायची. पुढे दोन उड्यांच्या मध्ये दौडीची एक ढांग ठेवायची असेल तर एकवीस ते चोवीस फूट अंतर लागतं. उतरायला सहा, ढांगेला बारा, पुन्हा उठायला सहा, हा हिशेब मोठ्या घोड्याचा. लहान घोड्याला त्यातून कमी कर. आठवड्यातून दोनच दिवस, एका दिवसात पंधरा-वीस उड्यांवर नाही. अडीच फुटांच्या वर घरच्या घोड्याला नेऊ नकोस, त्याला तिथे काही सिद्ध करायचं नाही. संध्याकाळी चारही नळ्यांवरून हात फिरव. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आठवडाभर काम बंद.

स्वतःचं काय करायचं? रिकीब तीन भोकं वर घे. बूड खोगिरावरून चार बोटं उचल, टाच खाली सोड, गुडघा आवळू नको, पोटरीने बस. अशा बैठकीत दहा मिनिटं दुडकी काढ. मांड्या पेटतील. सहा आठवड्यांनी वीस मिनिटं जमायला हवीत. हे जमल्याशिवाय उडीचा विचार करू नकोस.

पुणे, मग तिकडे

शर्यतीचं पळणं काठेवाडीवर कळत नाही, ते थरोब्रेडवरच, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या घोड्यावरच कळतं. पावसाळ्यात शर्यती पुण्याला, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर असतात, आणि दोन्हीकडे पहाटेच्या कामाला स्वार लागतात. शिकाऊ जॉकीच्या अटी टर्फ क्लबच्या कार्यालयात जाऊन समक्ष विचार, चहाच्या टपरीवर नको. तिथे दोन-तीन वर्षं काढ. तेवढ्या वेळात वेगाचा अंदाज अंगात मुरतो. ट्रेनर सांगतो, दोनशे मीटर पंधरा सेकंदांत आण, आणि घड्याळ न बघता ते यावं लागतं. तोवर दहावी-बारावी पूर्ण कर आणि इंग्रजी बोलायला लाग. मी ते केलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिकडे हुकूम कळायच्या आत घोडा पुढे गेलेला असायचा.

मी होतो त्या लँबर्न गावात माणसांपेक्षा घोड्यांचीच वर्दळ जास्त. बर्कशरमधल्या खडूच्या टेकड्या, त्यांवर आखूड गवत, आणि चढावर आखलेले पळण्याचे पट्टे. हिवाळ्यात अंधारातच लीद काढायची, खरारा करायचा, उजाडता उजाडता पहिला घोडा बाहेर. एका सकाळी तीन-चार घोडे. उडीचा हंगाम ऐन थंडीतला असतो, ऑक्टोबर ते एप्रिल. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तर मैदानांवर पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणून त्या आठ वर्षांत एकदाही मला दत्तजयंतीला घरी येता आलं नाही. जाणार असशील तर हे आधीच घरी सांगून ठेव.

उडी शिकवायच्या पहिल्या दिवशी माझा घोडा अकरा वर्षांचा होता आणि त्याला सगळं येत होतं. मी तीन ढांगा आधीच त्याला टाच मारली. तो उठला, मी मागे राहिलो, हातांनी त्याचं तोंड ओढलं. तिथला मुख्य मोतद्दार साठीचा होता. त्याने ओरडा केला नाही. खाली उतरवलं, स्वतः लगाम हातात घेतला आणि बोटं सैल करून दाखवली. लगाम त्याच्या मुठीतून सरकत सरकत पार टोकाच्या बकलापर्यंत गेला.

उडीच्या स्वाराची सगळी विद्या त्या सरकण्यात आहे. घोडा कुंपणाला धडकला, नाक जमिनीला लागलं, अशा वेळी त्याला मान हवी असते. मानेनेच तो तोल सावरतो. तू लगाम घट्ट धरलास तर त्याची मान अडवतोस आणि स्वतः पुढे फेकला जातोस. म्हणून खांदे मागे, पाय पुढे, रिकिबीत भार, आणि बोटं उघडून लगाम सरकू द्यायचा. दोन ढांगांत घोडा सावरला की पुन्हा गोळा करायचा. हे डोक्याने होत नाही, तेवढा वेळच नसतो. मी खोलीत खुर्चीच्या पाठीला दोरी बांधून रोज रात्री शंभर वेळा ते केलं. तूही कर. बाजेला दोरी बांध आणि धाकट्या भावाला अचानक ओढायला सांग.

ढांग बघण्याविषयी फार बोललं जातं, म्हणजे उडीपर्यंत किती पावलं उरली हे आधी ओळखणं. ती नजर येते, पण हळू येते. तोवर एकच कर: वेग एकसारखा ठेव आणि घोडा सरळ ठेव. शांत घोडा आपलं पाऊल स्वतः शोधतो. घाईने मागितलेली लांब उडीच सर्वांत जास्त पाडते.

परवाना मला तिसऱ्या वर्षी मिळाला, चोविसाव्या वर्षी. नवशिक्या उडीच्या जॉकीला तिकडे कंडिशनल म्हणतात आणि ही सवलत सव्विसाव्या वर्षापर्यंतच असते. त्याच्या घोड्यावरचं वजन कमी धरतात: वीस विजय होईपर्यंत सात पौंड, चाळीसपर्यंत पाच, पंचाहत्तरपर्यंत तीन. ट्रेनरने अनुभवी माणूस सोडून तुला बसवावं, ते या सात पौंडांसाठी. म्हणजे वय हातातून जाऊ देऊ नकोस. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर सवलत वापरायला वेळच उरत नाही.

माझ्या सतरा शर्यतींचा हिशेब असा: एकदा दुसरा, दोनदा चौथा, सातदा मागे कुठेतरी, तीनदा घोडा थकला म्हणून मीच थांबवला, तीनदा घोड्यासकट पडलो, एकदा घोडा उभा राहिला आणि मी पडलो. शर्यतीच्या पुस्तकात हे एकेका अक्षराने लिहितात. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे स्वार पडला, पी म्हणजे थांबवला. पी बघून पोरं नाक मुरडतात. मला त्या तीन पींविषयी आजही समाधान वाटतं. तिन्ही घोडे पायांवर घरी आले.

दुसरा आलो ते लडलोच्या मैदानावर. तिथे एक रस्ता धावपट्टीला ओलांडून जातो. शर्यतीच्या वेळी रहदारी अडवून त्यावर चटया अंथरतात, आणि घोडे त्यावरून धडधडत जातात. दोन मैलांची हर्डल शर्यत होती. शेवटच्या ताटीला माझी घोडी आणि पुढचा घोडा बरोबरीने उठले. तिने पाय घासला, मी लगाम सरकू दिला, ती सावरली, पण तेवढ्यात घोड्याची पाऊण लांबी मागे पडलो. दत्तजयंतीच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी आप्पांना फोन लावला तेव्हा मागे यात्रेचा गोंगाट येत होता. मी म्हणालो, दुसरा आलो. आप्पांनी विचारलं, घोडी कशी शे? मी म्हणालो, बरी शे. मग त्यांनी शेजारच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं.

मुलींनी हे पोरांचं काम समजू नये. २०२१ साली ग्रँड नॅशनल रेचल ब्लॅकमोर या आयरिश बाईने जिंकली. लँबर्नच्या पागांत सकाळी माझ्या बरोबरीने निम्म्याहून जास्त मुलीच असायच्या, आणि त्यांचे हात माझ्यापेक्षा हलके होते.

पैसे आणि दलाल

जॉकीला प्रत्येक शर्यतीचा ठरलेला मोबदला मिळतो आणि बक्षिसात वाटा. त्यातून सवाऱ्या मिळवून देणाऱ्या एजंटचे दहा टक्के जातात, सामान सांभाळणाऱ्या वॅलेटचे जातात, प्रवास आपला. महिन्यात दोन शर्यती धावणारा त्यावर जगू शकत नाही. मला पोसलं ते सकाळच्या कामाच्या पगाराने. म्हणून जाताना वर्क रायडरची नोकरी म्हणून जा. जॉकी होणं त्यानंतर झालं तर.

आणि हे घरातल्या मोठ्यांना वाचून दाखव. पहिल्यांदा एका दलालाने मला परदेशी पाठवतो म्हणून पैसे घेतले. आप्पांनी त्यासाठी घोडी विकली. तो माणूस पुन्हा दिसला नाही. दुसऱ्यांदा गेलो ते पुण्यातल्या एका ट्रेनरने थेट तिकडच्या पागेशी बोलून कागद केले म्हणून. आज तपासायला सोपं आहे. भरती करणारा नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येतं. ब्रिटनमध्ये नोकरी देणाऱ्या मालकाकडे सरकारचा स्पॉन्सर परवाना लागतो आणि त्याची यादी जाहीर असते. पागेचं नाव त्या यादीत नसेल तर एक रुपया देऊ नकोस. आणि घोडी विकू नकोस.

एका माणसाची गोष्ट

ग्रँड नॅशनल बघणारी पोरं जिंकणाऱ्याचं नाव विचारतात, म्हणून मी त्यांना जॉन बकिंगहॅम सांगतो. १९६७ साली त्याला फॉइनेव्हन नावाच्या घोड्यावर बसायला सांगितलं. दुसऱ्यांनी नाकारलेली सवारी. तो त्याआधी ग्रँड नॅशनलमध्ये एकदाही धावला नव्हता. घोड्यावर शंभरास एक भाव होता, आणि मालक काय, ट्रेनर काय, कुणीच ऐंट्रीला आलं नव्हतं. चव्वेचाळीस घोडे सुटले. तेविसाव्या कुंपणाशी, जे सर्वांत बुटक्यांपैकी एक, स्वार पडलेला एक मोकळा घोडा आडवा फिरला आणि मागून येणारे सगळे त्याच्यावर आदळले, थांबले, पडले. बकिंगहॅम बराच मागे होता. त्याला गर्दी दिसली, एका कडेला फट दिसली, त्याने घोडा तिथून काढला आणि जिंकला. आज त्या कुंपणाला फॉइनेव्हनचंच नाव आहे.

लोक याला नशीब म्हणतात. मी त्या कुंपणाचं चित्रण पुष्कळ वेळा पाहिलंय. घोडा सरळ होता आणि स्वाराचे हात शांत होते, म्हणून ती फट कामी आली.

१९७१ मध्ये त्याने शर्यती सोडल्या आणि पुढची तीसेक वर्षं भावाबरोबर वॅलेटचं काम केलं. वॅलेट म्हणजे जॉकींची खोगिरं, तंग, बूट, रंगीत सदरे तयार ठेवणारा, त्यांच्या वजनाच्या शिशाच्या पट्ट्या मोजून भरणारा. ग्रँड नॅशनल जिंकलेला माणूस रोज दुसऱ्यांचे चिखलाने भरलेले बूट साफ करायचा. ज्या दिवशी मी पहिल्यांदा शर्यतीच्या कपड्यांच्या खोलीत गेलो, तिथल्या वॅलेटने माझा तंग दोनदा ओढून बघितला आणि मानेने होकार दिला. त्या क्षणी मला आप्पा आठवले.

पडणं

उडीचा जॉकी पडतोच. साधारण पंधरा-वीस शर्यतींत एकदा, हे तिकडे सगळे धरूनच चालतात. म्हणून पडायला शिकावं लागतं, आणि ते जमिनीवर शिकता येतं.

वावरात कडब्याच्या पेंढ्यांचा कमरेएवढा थर कर. त्यावर धावत येऊन आधी एका खांद्यावर कोलांटी मार, हनुवटी छातीला टेकलेली, कोपर आत, पाठ गोल. हात पुढे टेकवायची सवय सर्वांत घातक. मनगट आणि गळ्याचं हाड तिथेच जातं. माझं उजवं गळ्याचं हाड २०१० मध्ये तसंच मोडलं. दुसरं, पडताना लगाम सोड. धरून ठेवलास तर घोडा तुझ्यावरून येतो. तिसरं, पडल्यावर लगेच उठू नकोस. गोळा होऊन पडून रहा, मागचे घोडे जाऊ दे. घोडा पडलेल्या माणसाला चुकवायला बघतो, पण हलणारा माणूस त्याला चुकवता येत नाही.

डोक्याला मार लागला तर त्या दिवशी घोड्यावर बसायचं नाही. तिकडे मैदानावरचा डॉक्टर तपासतो आणि ठीक म्हटल्याशिवाय पुढची शर्यत धावू देत नाही. आपल्याकडे तो डॉक्टर नाही, म्हणून तो नियम आपणच पाळायचा. मळमळलं, एकाचे दोन दिसले, आदलं काही आठवेना, तर सरळ दवाखाना. हेल्मेट आणि छातीचं चिलखत नसेल तर माझ्या घोड्याला हातही लावू देत नाही, आणि फेट्यावर घोडा पळवणाऱ्यांशी माझं या बाबतीत भांडण आहे.

गळ्याचं हाड मोडलं तेव्हा मी लँबर्नच्या ओक्सी हाउसमध्ये सहा आठवडे व्यायामाला गेलो. जखमी जॉकींसाठीच्या संस्थेचं ते केंद्र. १९६३-६४ मध्ये दोन जॉकी पडून कायमचे जायबंदी झाले, त्यानंतर १९६४ साली ती संस्था उभी राहिली. शेजारच्या खाटेवर एक जॉकी होता, कंबरेचं हाड मोडलेला, माझ्यासारखाच अनोळखी. आम्ही दोघं रोज रबराचे पट्टे ओढायचो. तो हंगाम संपायच्या आत परत घोड्यावर बसला. मला चार महिने लागले. लहानपणी घोडीवरून पडलो की आप्पा हात न देता म्हणायचे, पडना ते पडना, ऊठ आते. त्या खोलीत ते वाक्य मी त्याला शिकवलं होतं. त्याला ते खानदेशी उच्चारात म्हणता यायचं.

तर माझ्याकडे शिकायला यायचं असेल तर पोळ्यानंतर ये, पावसाचा जोर ओसरला की मी वावर वखरून ठेवतो. रविवारी उजाडायच्या आधी. पायात टाचेचे बूट, हेल्मेट स्वतःचं, पोट अर्धं भरलेलं. घोड्यावर पहिल्या दिवशी बसवणार नाही. पहिला दिवस कडब्यावर पडण्याचा. सोबत आईला किंवा वडिलांना घेऊन ये, आणि ते नसतील तर घरातल्या कुणा मोठ्याला. ते बांधावर बसून बघतील. तू वीसदा पडून वीसदा नीट उठलास आणि तरीही त्यांनी हो म्हटलं, तर दुसऱ्या रविवारी घोडीच्या गळ्यात दोरी बांधू.